सेंट अँगरवाला

शनिवारी रात्री मंडळी कुणाच्या तरी घरी जमलेली असतात. स्पीकरवर मेटॅलिका या बँडचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लागलेलं असतं आणि सगळे डोलत असतात. एकटा सेंट अँगरवाला डोलत नाही. तो चिवडा खात गाणं संपायची वाट बघत असतो. ते संपलं की बोटं पुसत म्हणतो, “हे सगळं ठीक आहे रे. पण मेटॅलिकाचा सगळ्यात प्रामाणिक आल्बम कुठला?”

कुणी तोंड उघडत नाही. ‘सेंट अँगर’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं, आणि ते दिलं की 11 गाणी, 75 मिनिटं ऐकावी लागतात. न दिलं तरी ऐकावी लागतातच. त्याचा फोन एव्हाना स्पीकरला जोडलेला असतो. ‘फ्रँटिक’ सुरू होतं. टण्ण! टण्ण! टण्ण! आतून यजमानांच्या आई विचारतात, “काय पडलं रे?”

पडलेलं काहीच नसतं. स्नेअर ड्रमच्या खालच्या पुडीला तारांची पट्टी टेकलेली असते, आणि त्या ड्रमचा नेहमीचा चुरचुरीत आवाज येतो तो तिच्यामुळे. बाजूचा खटका पाडला की तारा सुटतात आणि ड्रम नुसता ठणठणतो. ड्रमर लार्स उल्रिक एकदा तारा लावायला विसरला. रेकॉर्डिंग ऐकताना तोच आवाज त्याला आवडला, आणि मग आल्बमभर तोच राहिला. बहुतेकांच्या मते हा अपघात, सेंट अँगरवाल्याच्या मते क्रांती. “हा तारांसकट,” म्हणत तो चमच्याने उशी बडवतो. “आणि हा—” म्हणून स्टीलच्या ताटलीवर हाणतो. आतून पुन्हा, “अरे, काय पडलं?”

एकदा पुण्याहून मुंबईला जाताना त्याने गाडीत हेच लावलं. चालवणाऱ्याने खालापूरच्या फूड मॉलला गाडी घेतली आणि सायलेन्सर सुटलाय का ते वाकून पाहिलं. मागच्या सीटवरून विजयी आवाज आला, “बघा! वीस वर्षं झाली, अजून माणसाला गाडी थांबवायला लावतो!”

खरं तर 2003च्या जूनमध्ये आल्बम आला तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या यानेच घातल्या होत्या. कर्क हॅमेटसारखा माणूस बँडमध्ये असताना गिटारचा एक सोलो नाही म्हणजे काय! आठवडाभरात त्याने सीडी हॉस्टेलमधल्या मित्राला फुकट देऊन टाकली. हा इतिहास त्याला अमान्य आहे. आपण पहिल्या दिवसापासून याच बाजूचे, असं तो सांगतो आणि त्याच मित्राकडे सीडी परत मागतो. मित्र म्हणतो, तिच्यावर मी दोन वर्षं चहाचा कप ठेवत होतो.

त्याला बदलवलं ते 2004 सालच्या ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या माहितीपटाने. तो त्याने निम्म्या कंपूला जबरदस्तीने दाखवलाय. बेसवादक जेसन न्यूस्टेड 2001च्या जानेवारीत बँड सोडून गेला. त्याच वर्षी गायक जेम्स हेटफील्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला. परतल्यावर तो दुपारी बारा ते चार एवढंच काम करणार, आणि त्याच्यामागे बाकीच्यांनीही कामाला हात लावायचा नाही. बेस वाजवला निर्माता बॉब रॉकने. भांडणं सोडवायला ठेवलेल्या सल्लागाराला महिन्याला 40,000 डॉलर! “त्या वेळचे 18-19 लाख रुपये,” हा हिशेब सेंट अँगरवाला दर वेळी नव्याने करतो. “चाळिशीला टेकलेली माणसं कॅमेऱ्यासमोर एकमेकांवर खेकसतायत, रडतायत, आणि त्यातून आल्बम करतायत. तुम्हाला त्यात सोलो पाहिजे?”

समोरचा म्हणतो, सोलो नको, पण निदान ड्रम तरी हवा.

पुरावे त्याच्या खिशात तयार असतात. आल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालं. बँडने 2017 साली धर्मादाय संस्था काढली, तिलाही नाव दिलं याच आल्बमच्या शेवटच्या गाण्याचं, ‘ऑल विदिन माय हँड्स’. मध्यंतरी काही चाहत्यांनी अख्खा आल्बम नीट स्नेअर लावून नव्याने वाजवला. लोकांनी वाहवा केली. हा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

एवढं सगळं असून कंपू त्याला टाकत नाही, त्याला कारण आहे. सोसायटीतल्या तीन पोरांनी बँड काढला आणि पार्किंगमध्ये सराव सुरू केला. कमिटीचे लोक तक्रार करून गेले, आईवडील “छान, छान” म्हणत लिफ्टमध्ये शिरले. सेंट अँगरवाला उलट्या बादलीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला. ड्रमवाला सारखा लयीतून घसरत होता, त्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या गाण्यात पोरं पाच-दहा सेकंद चुकूनच एकत्र आली होती, तेवढं त्याने अचूक पकडलं. “तेवढं पुन्हा वाजवा.” पोरांनी चार वेळा वाजवलं, चौथ्यांदा खरंच जमलं. आयुष्यभर निवडून निवडून उत्तमच ऐकलेल्या बाकीच्या मंडळींना ती जागा कळलीही नसती. अर्थात निघताना त्याने ड्रमवाल्याला तो खटका दाखवलाच.

अलीकडे मात्र त्याची पंचाईत झालीय. कॉलेजातल्या पोरांना ‘सेंट अँगर’ सरळसरळ आवडतो. परवा एकाला पटवायला त्याने बाह्या सरसावल्या, तर तो म्हणाला, “हो ना काका, भारी आहे.” वाद तिथेच मिटला. एवढी मेहनतीने लढवलेली केस, आणि समोर वकीलच नाही. शिवाय वर काका!

म्हणून त्याने आता ‘लुलू’ हाती घेतलाय. हा मेटॅलिकाने गायक लू रीडबरोबर केलेला आल्बम. 30 ऑक्टोबर 2011ला बँड बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला आणि दुसऱ्याच दिवशी ‘लुलू’ बाहेर आला. मैफलीत ओरडून बसलेल्या घशानेच याने त्याला शिव्या घातल्या होत्या. आता सांगतो, डेव्हिड बोवी याला लू रीडचं सर्वश्रेष्ठ काम मानायचा. रीडची पत्नी लॉरी अँडरसनने 2015 साली तसं जाहीरपणे सांगितलंय.

येत्या शनिवारी मंडळींना त्याच्याच घरी बोलावणं आहे. आल्बम दोन डिस्कचा आहे. मधे जेवण ठेवलंय म्हणतो.