एजंटला समजलं पाहिजे!

नोव्हेंबर २०२४ मध्ये एआयला बाहेरची टूल्स जोडणारा ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ आला आणि एआय एजंटचे लाड सुरू झाले. प्रत्येक टूल काय करतं, कोणती माहिती कुठल्या साच्यात लागते, सगळं लिहून द्यायचं; नाहीतर बिचारा गोंधळतो. तो चुकला की दोष लिहिणाऱ्याचा!

बीडच्या शेतकऱ्याकडे २०२१ पासून पिकाची नोंद करायला ई-पीक पाहणीचं ॲप आहे. कापसात तुरीचे तास आहेत. मग निर्भेळ पीक की मिश्र? तूर किती आर लिहायची? हे बांधावर, रेंज शोधत, त्यानंच ओळखायचं. चुकला की दोष त्याचाच. डॉक्युमेंटेशन म्हणजे शेजारचा बारावीतला पुतण्या.

एजंटसाठी जे लिहाल, त्याची एक झेरॉक्स तेवढी तलाठ्याकडे ठेवा.