रडण्याची लेव्हल

नव्वदच्या दशकात चिखलीच्या एका स्टुडिओत मी लग्नाच्या कॅसेटी उतरवायचो. शूटिंगवाल्याला मांडवात जेवण मिळे, मिक्सिंगवाल्याला गुलाबाच्या फुलात नवरी बसवल्याचं कौतुक. तयार झालेलं लग्न कोऱ्या कॅसेटवर उतरवणाऱ्याच्या वाट्याला उरत त्या शिव्या.

काम म्हणजे एक लाल बटण. पण त्याआधीचं सोवळं मोठं. कोरी ई-१८० आधी शेवटपर्यंत पळवायची, मग मागे आणायची. अर्धा इंची फितीचे वेढे सारखे बसतात. हेड स्पिरिटनं पुसायचं. (स्पिरिट संपलं की मालक दहाची कोरी नोट फिरवत. दुपारी तीच नोट चहावाल्याकडे जाई.) सुरुवातीची अर्धा मिनिट फीत मोकळी सोडायची, मग रंगीत पट्ट्या आणि एक हजार हर्ट्झचा ‘टूंऽऽऽ’. त्या टूंवर काटा शून्यावर आणायचा. हे शून्य मोठं फसवं. तिथं चांगला भरघोस आवाज असतो, आणि त्याच्या पुढे लाल सुरू होतो. काटा लालात रेंगाळला की आवाज फाटला म्हणून समजा.

घरगुती व्हीसीआर आवाज स्वतःच सांभाळतो. सुतळी बॉम्ब वाजला की दचकून आवाज खाली ओढतो आणि पुढचं मंगलाष्टक भटजी कानात सांगितल्यासारखं म्हणतात. म्हणून आमच्या मशीनला हातानं फिरवायची बटणं होती. त्या बटणांचा मला फार गर्व.

अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या पहाटे पाऊस-पिकाचं भाकीत निघतं. आमची लग्नसराईही तेव्हाच. त्या गर्दीत एक वधूपिता कॅसेट परत घेऊन आले.

“भाऊ, पोरगी एवढी रडली, अन् कॅसेटात मुकीच दिसून रायली! रडनं कुठी गेलं?”

मी शास्त्र सांगितलं. सगळ्यात मोठा आवाज शोधायचा आणि तो लालाच्या अलीकडे अडवायचा. तो होता बँडचा. पाठवणी त्याच्याखाली दबली.

“बँड तं रोजच आयकतो आमी. रडनं येकदाच असते.”

यावर माझ्या शास्त्रात उत्तर नव्हतं.

दुसऱ्यांदा उतरवताना पाठवणीच्या तोंडाशी लाईट गेली. भेंडवळच्या घटातही ते भाकीत नव्हतं. तिसऱ्यांदा बटणावर हात ठेवूनच बसलो. बँड आला, खाली. नवरी आईच्या गळ्यात पडली, वर, आणखी वर. असा हुंदका निघाला की मालकांनीही डोळे पुसले. मग कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडला, म्हणजे लग्नावर कुणी क्रिकेट टिपू नये. भोकावर सेलोटेप चिकटवली की पुन्हा टिपता येतं, पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. यांना मात्र मी सांगितलं. तीन खेपांत ओळख वाढली होती.

माइक कॅमेऱ्यावर होता आणि कॅमेऱ्याला खेटून नवरीची आत्या उभी होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. हुंदका वर आला तशी तीही आली. व्याही मंडळींसह सगळा वाडा टीव्हीपुढे बसलेला असताना दोन हुंदक्यांच्या मधे तिचा आवाज स्वच्छ उमटला, “नवरदेवापक्षा त्याचा धाकला भाऊच बरा व्हता, बाई.”

काटा लालात गेला नव्हता. आवाज कुठंही फाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर वधूपिता पायरीवर.

“भाऊ, थोडी सेलोटेप भेटन का?”