पावती कोण फाडणार?

"शैला, ऐकलंस का? मंडळाच्या पोरांना यंदा विमान हवंय."

"गणपतीच्या आराशीत?"

"आराशीत कुठलं! खरंखुरं, नौदलातून निवृत्त झालेलं. बागेत चौथरा बांधून वर चढवणार म्हणे. घरटी हजार रुपये."

"अगंबाई! पालघरला विमानं बनणार होती त्याचं काय झालं, माई? ते कॅप्टन अमोल यादव, चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणारे. 2018 मध्ये 35 हजार कोटींचा करार झाला, तेव्हा आमचे भाऊजी जमिनीचे भाव विचारत फिरत होते."

"फिरू देत. नवं बनवायला सगळे पुढे येतात गं, जुनं सांभाळायला कोण येतं? नौदलाच्या विमानवाहू बोटीचं, विक्रांतचं बघ. 1997 मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालयही चाललं. मग खर्च झेपेना. वाचवा, वाचवा म्हणून डबे फिरवून पैसे गोळा झाले. पण 2014 मध्ये बोट 60 कोटींना भंगारात गेली आणि दारुखान्यात तोडली."

"आणि डब्यातले पैसे?"

"हिशोब कुठाय म्हणून 2022 मध्ये पोलिसांत तक्रार गेली. म्हणून तर म्हणते, आधी पावती."

"दुसऱ्या विमानवाहू बोटीचं, विराटचंही तसंच ना? मालवणजवळ निवतीच्या समुद्रात ठेवणार होते."

"852 कोटींची मंजुरी होती, 2018 मध्ये. दोन वर्षांनी विकली 38 कोटी 54 लाखांना. मुंबईहून अलंगला ओढत नेली, म्हणजे आपल्याच पालघरच्या समुद्रावरून गेली असणार. सातपाटीच्या कुणी बघितली का, देव जाणे."

"मग विमानं तरी कुठे उरलीत?"

"उरलीत तर! गोव्याला गेलो तर ह्यांनी आधी बोगमाळोच्या वाटेवरचं नौदलाचं संग्रहालय दाखवलं. 1971 च्या युद्धात विक्रांतवरून उडालेली सी हॉक, अलिझे, तशी विमानं तिथे आहेत. बोट गेली, विमानं राहिली. एक सीलँड आहे, पाण्यावर उतरणारं. जगात बनलीच पंचवीस, त्यातली दहा आपल्या नौदलाची. अंगणात उघड्यावर उभं, पण ह्यांना तेच जास्त आवडलं."

"उघड्यावर? गोव्याच्या पावसात?"

"तेच तर! आपली खिडकीची ग्रिल दोन वर्षांत गंजते, शैला. विमानाचं ॲल्युमिनियमही खाऱ्या हवेत पांढरी पूड सोडतं. दरवर्षी धुवायचं, रंगवायचं, आत पारव्यांनी घरटी केली तर काढायची. पोरं विमान आणायचे पैसे मागतायत, सांभाळायचे कुणी मागितलेच नाहीत."

"आमचा राहुल म्हणतो, इंग्लंडात लोक वर्गणी काढून जुनं विमान उडवतात."

"उडवलं ना, व्हल्कन. 2015 पर्यंत. पुढे त्या म्हाताऱ्या यंत्राची जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनीच हात काढून घेतले. तिथे लोकांनी लाखोंनी दिले होते. इथे मंडळाकडे मांडवाच्या बांबूचीच उधारी आहे!"

"मग तुम्ही देणार नाही?"

"देणार की. आमच्या ह्यांना परवापासून झोप नाही, कुठलं विमान येतंय म्हणून. पण पाचशे आता, आणि उरलेले दरसाल रंगाचा डबा दाखवला की."

"माझंही तसंच लिहा. आणि माई, उद्घाटनाला आमदार येणार हे मात्र पक्कं ठरलंय."

"विमान ठरलं नाही अजून!"

"नारळही ठरलाय. तुमच्या झाडाचा."