एका तिकिटात तीन लेख

हवामान बदल, राजकारण आणि संस्कृती हे माझे तीन विषय. तीन असण्यामागे काही वैचारिक भूमिका नाही, एकावर घर चालत नाही इतकंच. मानधन लेख छापून आल्यावर मिळतं, लेख कधी छापायचा ते जाहिराती ठरवतात, आणि प्रवासखर्चाचा विषय काढला की संपादकांच्या फोनची रेंज जाते. त्यामुळे होळीच्या तोंडावर नंदुरबारला निघालो तेव्हा हिशेब सरळ होता : तिकीट एक, लेख तीन. हवामानासाठी मिरची, राजकारणासाठी टेंभली, संस्कृतीसाठी काठी गावची होळी. ‘आणि जेवणासाठी?’ असं बायकोने विचारलं. पत्रकाराला सगळ्याच प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात.

पहिला नंबर मिरचीचा. नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येते. व्यापारी ती घेतात आणि मोकळ्या जागेवर उन्हात पसरतात. या जागेला पथारी म्हणतात. नजर पोचेल तिथपर्यंत लाल. या धंद्याला ना छप्पर, ना आडोसा. सगळी मदार आभाळावर. ऐन वाळवणात अवकाळी पाऊस आला की मिरचीवर डाग पडतात, भाव उतरतो आणि मजुरांचा रोजही बुडतो. हवामान बदल यापेक्षा सोपा करून कोण सांगणार? लेखाचा सांगाडा मी रेल्वेतच उभा केला होता. संपादकांच्या भाषेत फक्त ‘माणसांचे आवाज’ तेवढे भरायचे होते.

तोंडाला फडकी बांधून बायका देठ खुडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर मांडी ठोकली, रेकॉर्डर सुरू केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालो, ‘यंदाच्या पावसाने तुमचं...’ पुढचं वाक्य आजतागायत पूर्ण झालेलं नाही. शिंक आली. तिच्यामागून तिची सगळी भावंडं आली. डोळ्यांना धारा लागल्या. मी खिशातला रुमाल काढला, तो मिरचीच्या ढिगावर पडला, तोच उचलून मी चेहऱ्याला लावला.

‘काय व्हयनं भाऊ?’ एका आजीने फडकं खाली ओढून विचारलं.

‘पावसाचं नाव काढलं आणि रडायलाच लागला,’ दुसरी म्हणाली.

‘व्यापारी असेल. याचीही मिरची भिजली असेल,’ तिसरीने निकाल दिला.

मी व्यापारी नसून पत्रकार आहे हे शिंकांच्या फटीतून कसंबसं सांगितलं. त्यावर आजीने आस्थेने विचारलं, ‘रोज किती पडतो?’ मी मनातल्या मनात मानधनाला लेख छापून येईपर्यंतच्या दिवसांनी भागलं आणि गप्प बसलो. आजी समजायचं ते समजली. ‘इथं ये उद्यापासून,’ ती म्हणाली. ‘फडकं मात्र बांध.’ त्या दौऱ्यात मला मिळालेलं कामाचं ते एकमेव आमंत्रण.

मग शहादा तालुक्यातलं टेंभली. २९ सप्टेंबर २०१० रोजी मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातली पहिली आधार कार्डं या गावात दिली गेली. नंदुरबार जिल्ह्याला पहिलेपणाची सवयच आहे : राज्यातला लोकसभेचा क्रमांक एकचा मतदारसंघ नंदुरबार, विधानसभेचा अक्कलकुवा. आता पहिल्या नंबरवर राहून मिळालं काय, असा माझा झणझणीत राजकीय सवाल होता. पारावरच्या बाबांनी मला गाडीतून उतरतानाच ओळखलं. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, ‘कार्ड आलं, काम नाही आलं. झालं लिहून? फोटो कार्ड हातात धरून काढायचा की नुसताच?’ देशातले सगळे पत्रकार माझ्याआधी येऊन गेले होते आणि जाताना माझे प्रश्नसुद्धा घेऊन गेले होते.

राहिली संस्कृती. जीपच्या टपावर एका बोकडाशेजारी बसून देवगोई घाट चढलो आणि सातपुड्यातल्या काठीला पोचलो. इथली राजवाडी होळी १२४६ पासूनची म्हणतात. होळीचा बांबू उभारायचा खड्डा हाताने खणतात, अवजार लावत नाहीत. रात्रभर ढोल वाजतात. नवस केलेले बुध्ये अंगभर राखेची नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला सुकलेले भोपळे बांधून नाचतात. व्रताच्या दिवसांत ते अनवाणी राहतात आणि जमिनीवर झोपतात. भोपळ्यांचा तो खडखड आवाज ढोलाच्या बरोबरीने पोटात शिरतो. मला नाचता येत नाही, तरी पाय हलायला लागले.

दम घ्यायला थांबलेल्या एका बुध्याला मी गाठलं आणि विचारलं, ‘हवामान बदलाचा तुमच्या संस्कृतीवर काय परिणाम होतोय?’ पोरगा गुजरातेत ऊसतोडीला जाणारा, होळीपुरता परतलेला. त्याने घाम पुसला. ‘पाऊस झाला तरी ऊस तोडायला जावं लागतं, नाही झाला तरी जावं लागतं. पण होळीला आम्ही येतो.’ आणि भोपळे खडखडवत तो गर्दीत शिरला. माझे तिन्ही लेख त्याने एका दमात लिहून टाकले होते, तेही मानधनाशिवाय.

पहाटे होळी पेटायची वेळ झाली. हजारो माणसं श्वास रोखून उभी. मी कॅमेरा सरसावला. तेवढ्यात धुराने डोळे चुरचुरले आणि मी खिशातून रुमाल काढला. तोच, पथारीवरचा. काठीची होळी पेटताना कशी दिसते हे त्यामुळे मला सांगता येणार नाही. ऐकायला मात्र फार भव्य आहे. डोळ्यांवर कुणीतरी तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा उजाडलं होतं. कॅमेऱ्यात सगळे फोटो माझ्या चपलांचे निघाले.

तीनपैकी एकच लेख छापून आला. रविवार पुरवणीत, पाककृतींच्या पानावर, मिरचीच्या ठेच्याखाली चौकटीत. मानधन अजून यायचंय.

तरी काठीला होळीला जरूर जा. रात्रभर जागा, मुक्कामाची मोठी अपेक्षा ठेवू नका आणि नाचणाऱ्यांना त्यांच्या दमाच्या वेळी प्रश्न विचारू नका. वाटेत नंदुरबारला मिरचीही घ्या. फक्त एक करा, रुमाल दोन न्या.