रा. रा. सरासरी पुरुष यांस

नारायण पेठ,
पुणे ३०

रा. रा. सरासरी पुरुष,
वय ४०, उंची १७५ सेंटिमीटर,
मुक्काम पोस्ट : प्रत्येक स्मार्ट यंत्राच्या पोटात

यांस सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुमची-माझी रीतसर ओळख नाही. पण गेले आठ महिने तुम्ही आधी माझ्या मनगटावर आणि मग आमच्या दारावर मुक्कामाला आहात, तेव्हा चार ओळी लिहायला हरकत नसावी. तुमचं वजन मोटारीत ७८ किलो भरतं आणि ऑफिसात ७० किलो, असं वाचनात आलं. मधले आठ किलो तुम्ही पार्किंगमध्ये ठेवून वर जाता काय, हे सवडीने कळवावं. आम्हा बायकांना ती युक्ती फार उपयोगी पडेल.

घड्याळापासून सुरुवात करते. माझ्या साठीला मुलाने अमेरिकेहून स्मार्ट घड्याळ पाठवलं. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी ते मनगटावर बांगडीसारखं फिरायचं. शेवटी ह्यांनी दाभण तापवून आणखी एक भोक पाडून दिलं. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. तो उजेड कातडीतून आत जातो, ठोक्यागणिक आतलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत फिरणारा उजेडही कमीजास्त होतो, आणि त्यावरून नाडी मोजली जाते. कल्पना झकास आहे. फक्त घड्याळ कातडीला चिकटून बसलेलं हवं. माझ्या त्याच हातात चार बांगड्या आणि एक पाटली. पोळ्या लाटायला उभी राहिले की बांगड्या घड्याळाला ढुशा देतात, खालच्या फटीतून बाहेरचा उजेड शिरतो आणि यंत्र नाडी सोडून लाटण्याचा ताल धरतं. एका गुरुवारी बाराव्या पोळीला माझी नाडी १६८ झाली. मुलाच्या फोनवर माझे आकडे दिसतात, त्यामुळे लगोलग तिकडून फोन. “आई, तू धावतेयस का?” म्हटलं, नाही रे बाबा, घडीच्या पोळ्या आहेत.

सूचनापत्रकात यावर उपाय दिला आहे : मनगटावरचे दागिने काढून ठेवावेत. बरोबरच आहे. शेकडो वर्षं बांगड्या घालायची चूक आमचीच, घड्याळ बिचारं परवा जन्मलं.

पावलांचा हिशेब तर आणखी मजेचा. मी लक्ष्मी रस्त्याने चालत मंडईत जाते आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत येते. जाताना घड्याळ पावलं मोजतं, येताना गप्प. मला वाटलं बिघडलं. मग भाच्याने समजावलं की हे यंत्र पावलं पायावरून मोजत नाही, हाताच्या झोक्यावरून मोजतं. पिशवी धरलेला हात हलत नाही. तुमचा हलतो, कारण तुमच्या हातात काही नसतं. आमच्या ह्यांनी एकदा तेच घड्याळ बांधून कट्ट्यावर महापालिकेच्या राजकारणावर तासभर हातवारे केले आणि बसल्या जागी साडेतीनशे पावलं कमावून आले. फोन खिशात ठेवला तर मोजणी जास्त चोख होते म्हणतात. कुठल्या खिशात? परकराच्या?

दाराची गोष्ट मात्र मनाला लागली, म्हणून ती जरा सविस्तर लिहिते. आमचा वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा हौसेने बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप बसवलं. बसवायला आलेल्या मुलाने सगळ्यांची बोटं घेतली. ह्यांचं बोट पहिल्या फटक्यात. चहाचा कप उचलण्यापलीकडे त्या बोटाने काही केलेलं नाही, ठसा कसा नव्या नाण्यासारखा. माझं चौथ्या खेपेला. आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंचं येईचना. दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या, सगळं झालं. तो मुलगा म्हणाला, “मावशी, बोटांना रोज क्रीम लावत जा.” चार घरची भांडी तारेच्या घासणीने घासणाऱ्या बाईला हा सल्ला! साबणाने, पावडरीने, गरम पाण्याने बोटावरच्या रेघाच झिजतात. वाचायला उरतं काय? ताई शांतपणे म्हणाल्या, “रेशनच्या दुकानात पण माझा अंगठा येत नाही. डाव्या हाताची करंगळी घ्या.” करंगळी टेकवली आणि कुलूप उघडलं. भांडी घासताना करंगळी बाहेर राहते, एवढं त्यांना ठाऊक होतं. कुलूप बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, गवंड्याचाही अंगठा येत नाही, तो काय बाई आहे? मान्य. त्यावरून मला एवढंच कळलं की तुम्ही नुसते पुरुष नाही, खुर्चीत बसणारे पुरुष आहात.

या कुलपाचं एक अ‍ॅप असतं आणि अ‍ॅपला एक ‘मालक’ लागतो. बसवणाऱ्या मुलाने न विचारता ह्यांचा नंबर घातला. फ्लॅटच्या खरेदीखतावर पहिलं नाव माझं आहे, पण खरेदीखत कुलपाला वाचता येत नाही. एके दिवशी कुलूप अडून बसलं, ओटीपी गेला ह्यांच्या फोनवर, हे लोणावळ्याला मित्रांबरोबर, फोनला रेंज नाही. मी स्वतःच्या दाराबाहेर मेथीची जुडी घेऊन पावणेदोन तास उभी. शेजारच्या काकूंनी खुर्ची दिली, मेथी तिथेच निवडून झाली. कंपनीच्या मदतकेंद्रातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, मालकांना फोन करायला सांगा ना.”

आमचे हे निरुपद्रवी आहेत, म्हणून ही गंमत. पण दार कधी उघडलं, किती वाजता लागलं, हे सगळं ‘मालका’च्या फोनवर उमटतं. ज्या घरात नवरा तसा नसेल त्या घरात ही नोंद म्हणजे पहारा. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ साली अमेरिकेतल्या अशा बायकांच्या तक्रारी छापल्या होत्या : एकीचा एसी हात न लावता बंद व्हायचा, दुसरीच्या दाराच्या कुलपाचा आकडा रोज बदलायचा. भुताटकी नव्हती, घरातल्याच माणसाच्या हातातलं अ‍ॅप होतं. एका घराला एकच मालक, ही गोष्ट कुणीतरी एका बैठकीत ठरवली असणार. त्या बैठकीला चहा कुणी दिला, तेवढं मला विचारावंसं वाटतं.

असो. मोटारीकडे येते, कारण तिथे तुम्ही अक्षरशः देह धारण करता. टकरीची चाचणी घेताना सीटवर पुतळा बसवतात, १७५ सेंटिमीटर उंचीचा, ७८ किलोंचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत घडलेला हा पुतळा अजून जगभर नोकरीत आहे, निवृत्तीचं वय त्याला नाही. स्त्रीचा म्हणून जो पुतळा वापरतात तो सुमारे दीड मीटरचा आणि ४९ किलोंचा, म्हणजे तुम्हीच धुऊन आटलेले. मध्यम बांध्याच्या बाईचा पुतळा स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने केला, तो २०२२ साली लोकांपुढे आला : १६२ सेंटिमीटर, ६२ किलो. मोटार धावू लागून तोवर शतक उलटलं होतं. मधल्या काळात काय झालं, ते व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात आहे. समोरासमोरच्या टकरीत, पट्टा लावलेला असूनही, बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी अधिक. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही मोटारींना सुरक्षेचे तारे देणारी योजना सुरू झाली. मोटारींच्या चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आमच्याच गावात, कोथरूडच्या टेकडीवर आहे. त्यामुळे हा विषय परक्या देशाचा म्हणून सोडवत नाही. शोरूमवाला पाच तारे दाखवतो तेव्हा मी विचारते, पुढच्या सीटवर कोण बसलं होतं? तो सनरूफ दाखवतो.

आमची धाकटी सून हिंजवडीला नोकरी करते. तिच्या टेबलाच्या खणात बारा महिने शाल असते, मे महिन्यातही. ऑफिसातली ऊब ठरवण्याचं जे गणित आहे, ते १९६० च्या दशकातलं. त्यात शरीर किती उष्णता तयार करतं हा आकडा तुमचाच, ७० किलोंच्या चाळिशीतल्या गृहस्थाचा. दोघा डच शास्त्रज्ञांनी २०१५ साली हे दाखवून दिलं. भिंतीवरचा सेन्सर अगदी प्रामाणिक आहे हो. त्याला विचारलं ते तो मोजतो.

फोनचंही तेच. अ‍ॅपलने २०१४ साली आरोग्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप काढलं. त्यात पोटात सेलेनियम किती गेलं हे लिहिता येत होतं, पाळी कधी आली हे नव्हतं. ते पुढच्या वर्षी आलं. सेलेनियमची वाट पाहणारी एक बाई मला दाखवा.

तुमच्या मंडळींना हे सांगितलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं : “आम्ही स्त्री-पुरुष भेद करत नाही.” हे वाक्य नारायण पेठेत उभं राहून ऐकायला फार गोड लागतं. आमच्या पेठेत हुजूरपागा आहे. पेशव्यांची घोडी बांधायच्या जागी मुलींची शाळा, १८८४ सालची. मुलींना मुलांसारखंच शिकवायचं ठरलं, तेव्हा गावात केवढा गहजब झाला! खुद्द टिळकांनी त्या अभ्यासक्रमावर टीका केली. बायकांचं आयुष्य वेगळं, तेव्हा शिक्षणही घरसंसाराला उपयोगी पडेल असं वेगळं हवं, असा सूर. त्यांचा केसरीवाडाही याच पेठेत आहे, आणि मी दोन्हींवरून रोज आदराने जाते. तेव्हा आम्हाला भूमिती शिकवायची वेळ आली तर भेद कोसभरावरून दिसत होता. आता मनगट दोन सेंटिमीटरनी बारीक आहे म्हटलं, की तुम्हाला भेदभाव मंजूर नाही.

बायका इंजिनिअर मिळत नाहीत, हेही सांगू नका. १९७४ साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. कर्वेनगरात १९९१ पासून मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतात. मोजमाप कशाचं आणि कसं घ्यायचं, याचंच ते शास्त्र. बसने अर्ध्या तासात पोचाल. वाहतूक असेल तर दीड.

तुम्ही आमचा विचार करतच नाही असं नाही. करता, तेव्हा पट्टा गुलाबी होतो. किंवा एक बटण येतं. २०१७ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला पॅनिक बटणाची सोय सक्तीची झाली. चांगलंच झालं, माझा विरोध नाही. पण तुमच्या नकाशावर आम्ही उगवतो ते कुणी अंगावर धावून आलं तरच. पोळ्या लाटताना, पिशव्या आणताना, दाराबाहेर मेथी निवडताना आम्ही तिथे नसतोच.

आणि हो, आमचे हेही तुमच्या मापात बसत नाहीत. पाच फूट चार इंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली आहाराचे हिशेब नव्याने मांडले, तेव्हा प्रमाण पुरुष ६५ किलोंचा धरला आणि प्रमाण स्त्री ५५ किलोंची. दोन माणसं होती, दोन आकडे लिहिले. कागद काही फाटला नाही.

तेव्हा एकदा सवड काढून पेठेत या. आठवडाभर राहा. सकाळी बांगड्या घालून पोळ्या लाटा, दुपारी दोन पिशव्या मंडईतून आणा, संध्याकाळी चार घरची भांडी घासून आमच्या दारावर बोट टेकवा. उघडलं नाही तर बेल वाजवू नका. एक ते चार मी झोपते, आणि नंतर मला ऐकू आलं तरी ओटीपी ह्यांच्याकडे असतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
नारायण पेठेतली एक असरासरी बाई

ता. क. हे पत्र उजव्या हाताने, शाईच्या पेनाने लिहिलं. दीड तास लागला. डाव्या हातातल्या घड्याळाने तेवढा वेळ ‘गाढ झोप’ म्हणून नोंदवला आहे आणि माझं अभिनंदन केलं आहे.