विझवणं सक्तीचं, जपणं ऐच्छिक

गुरुवार, १ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं. पुढचा गुरुवार, ८ ऑगस्ट. रात्री कोल्हापुरातलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आठवडाभरापूर्वी पदकाचा जल्लोष करणारं कोल्हापूर त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडलं.

पहिल्या गुरुवारी कोल्हापूर महापालिकेला मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. स्वप्नील घडला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुण्याच्या बालेवाडीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही पुण्याच्या प्रबोधिनीतूनच वर आला. दुसऱ्या गुरुवारचा संबंध मात्र थेट होता. नाट्यगृह महापालिकेच्या मालकीचं. म्हणजे आमचं, करदात्यांचं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ उघडून बघा. कलम ६३ मध्ये महापालिकेला करावीच लागतात अशी कामं आहेत: पाणी, गटारं, कचरा, दिवाबत्ती, अग्निशमन. कलम ६६ मध्ये मर्जीवर सोडलेली कामं आहेत, आणि मैदानं, बागा, नाट्यगृहं ही सगळी मंडळी तिथं बसली आहेत. याचा सोयीचा अर्थ असा काढता येतो की नाट्यगृहाला लागलेली आग विझवणं महापालिकेवर बंधनकारक आहे आणि तेच नाट्यगृह नीट ठेवणं तिच्या मर्जीवर. पुढे १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती आली. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी अठरा विषय दिले गेले. पाणीपुरवठा, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा यांच्याच यादीत मैदानं आहेत, सांस्कृतिक कामही आहे. घटनेनं त्यांना एका पंगतीत बसवलं. अंदाजपत्रक लिहिणाऱ्यांनी ती पंगत अजून मान्य केलेली नाही.

त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: आधी पाणी, मग नाटक. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ते कोल्हापुरात तरी कुणी बोलू नये. राधानगरी धरणाचं काम ज्या राजानं सुरू केलं, त्याच राजानं १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं, १९१५ साली त्याला पाठ लावून पॅलेस थिएटर, म्हणजे हेच केशवराव भोसले नाट्यगृह, उभं केलं आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपच्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहिलं होतं. तिथून आणलेली कल्पना त्यांनी इथल्या मातीत, इथल्या पैलवानासाठी उतरवली. संस्थान काही सोन्याच्या खाणीवर बसलेलं नव्हतं. प्लेग आणि दुष्काळ त्यांनी याच कारकिर्दीत पाहिले. तरी धरण पूर्ण होईपर्यंत आखाडा थांबवावा असं त्यांच्या मनात आलं नाही. धरण पूर्ण व्हायला पुढे १९५७ साल उजाडलं. तोवर थांबले असते तर कुस्तीच्या दोन पिढ्या मैदानाविना गेल्या असत्या.

खासबागेत एकदा कुस्ती नसताना जाऊन उभे राहा. मधोमध हौदा, भोवती उतरत आलेली बैठक. शेवटच्या माणसालाही पैलवानाचा पाय दिसेल अशी ती बांधली आहे. हौद्यातली तांबडी माती ही नुसती माती नसते. तिच्यात ताक, हळद, लिंबू, कापूर, कडुनिंबाचं तेल मुरवलेलं असतं, म्हणजे खरचटलं तर जखम चिघळत नाही आणि अंग आपटलं तर मोडत नाही. ही माती सतत उकरावी लागते, नाहीतर घट्ट बसते. तालमीतली पोरं दिवस उजाडायच्या आधी फावडं घेऊन हेच करतात, मग जोर, बैठका, मग लढती. यातली बरीच पोरं खेड्यातून आलेली असतात, एका खोलीत दाटीवाटीनं राहतात, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात आणि खुराकासाठी घरच्या दुधाच्या बिलावर जगतात. त्यांच्यासाठी वस्ताद जे करतो ते कोणत्याही युवा कल्याण योजनेत लिहिलेलं असतं: वेळेवर उठणं, व्यसनापासून दूर राहणं, हरल्यावर हात मिळवणं. फरक एवढाच की वस्तादाला त्याचा पगार मिळत नाही.

आता याचा महापालिकेच्या कामाशी काय संबंध, ते पुराला विचारा. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत कोण कुठल्या गल्लीत अडकलंय, कुठल्या घरात आजारी म्हातारी आहे, कुणाकडे काहिली आणि शेगडी आहे, हे कुठल्याही नियंत्रण कक्षाच्या आधी पेठेतल्या तालमींना आणि मंडळांना ठाऊक होतं. पोरांनी माणसं बाहेर काढली, जेवणं शिजवली, वाटली. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात हे मनुष्यबळ आयत्या वेळी उगवत नाही. ते वर्षभर आखाड्यात, फुटबॉलच्या मैदानावर, गणपतीच्या मांडवात एकमेकांना ओळखत असतं, म्हणून पुराच्या रात्री हाक मारली की येतं.

दुसरं उदाहरण नदीचंच. पंचगंगेचं प्रदूषण हा महापालिकेचा जुना, कोर्टापर्यंत गेलेला विषय. त्यात गणेशमूर्तींचं विसर्जन नदीतून इराणी खणीकडे आणि कुंडांकडे वळलं, हे कोल्हापूरनं करून दाखवलं. हे फक्त नोटिसा चिकटवून झालेलं नाही. पर्यावरणवाल्यांनी वर्षानुवर्षं घाटावर उभं राहून विनवलं, प्रशासनानं व्यवस्था केली आणि मंडळांनी ऐकलं. उत्सव करणाऱ्यांनी मनावर घेतलं, तेव्हाच सांडपाणी विभागाचं ओझं थोडं हलकं झालं. संस्कृती ही शहराच्या कामात कशी उपयोगी पडते याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आणि पैसा उभा करायचा म्हणाल तर नाटकवाल्यांनी तोही करून दाखवला आहे. ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोन स्पर्धक कंपन्यांच्या मालकांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त मानापमान केलं. त्या केशवरावांचं नाव ज्या वास्तूला दिलं, ती जळाल्यावर राज्य सरकारनं वीस कोटींची घोषणा केली. पुनर्बांधणी हाती घेतली गेली. घोषणेचं स्वागतच आहे. पण शताब्दीच्या सुमारासही याच नाट्यगृहाच्या नूतनीकरणावर कोट्यवधी रुपये खर्च झाले होते. आपल्याकडे नूतनीकरणाचा फलक लागतो, उद्घाटन होतं, फीत कापली जाते. रोज रात्री कुलूप लावण्यापूर्वी वीज बंद झाली का, पडद्यांना अग्निरोधक लेप शेवटचा कधी दिला, नळीत पाणी आहे का, हे बघणाऱ्या माणसाचं पद भरायला मात्र पैसे नसतात. मोठा खर्च दिमाखात होतो, छोटा खर्च टळतो आणि टळलेला छोटा खर्च शेवटी सगळ्यात महाग पडतो.

नाट्यगृह बंद पडलं की फक्त नटांचं नुकसान होत नाही. हौशी संस्थांना प्रयोगासाठी दुसरीकडे जागा शोधावी लागते. प्रकाशयोजना करणारा, नेपथ्य उचलणारा, रंगभूषाकार, बाहेरचा चहावाला, रात्री साडेबाराला माणसं घरी सोडणारा रिक्षावाला, सगळ्यांची मिळकत तुटते. कोल्हापूरची हद्द १९७२ साली महापालिका झाल्यापासून वाढलेली नाही. उत्पन्नाची साधनं तोकडी आहेत, हे मलाही कळतं. म्हणूनच जे हातात आहे ते जपणं परवडणारं आहे, ते जळू देणं परवडणारं नाही.

फुटबॉलचं उदाहरण घ्या. शाहू स्टेडियम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं, महापालिकेचं नव्हे. संघ पेठांचे: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. एवढी मोठी परंपरा लोकांनी स्वतः उभी केली. महापालिकेनं फक्त सरावाची मैदानं चांगली ठेवायची होती. पावसाळ्यात गांधी मैदानावर जाऊन बघा, पाणी साचतं, चिखल होतो, पोरं रस्त्यावर येतात. रस्त्यावर आलेल्या पोरांचं काय होतं ते पोलीस ठाण्याला विचारा. मुलींचं तर विचारूच नका. ज्या मैदानावर संध्याकाळी दिवे नाहीत, स्वच्छतागृह नाही, तिथं चौदा वर्षांच्या मुलीला कोणती आई पाठवेल? ज्या शहरानं २०१० ची जागतिक विजेती नेमबाज तेजस्विनी सावंत दिली, त्या शहरातल्या मुलींना अंधार पडला की घरी जावं लागतं. महिला सुरक्षेसाठी स्वतंत्र तरतूद दाखवता ना? त्यातले चार दिवे मैदानावर लावा. एका कामात दोन कामं होतील.

महोत्सव म्हणजे संस्कृती नव्हे. कमान, ध्वनिवर्धकाची भिंत, बाहेरून आणलेला एका रात्रीचा कलाकार आणि सत्कारासाठी रांगेत बसवलेले नेते, याला सांस्कृतिक खर्च म्हणायचं मी नाकारतो. नेत्याच्या नावानं भरवलेल्या क्रीडा स्पर्धांचंही तेच. चषक केवढा मोठा, हे छापून येतं. मुलांना प्यायला पाणी होतं का, हे येत नाही. सकाळी नऊला कचऱ्याच्या गाडीत फलक भरले जातात आणि शहराच्या हातात काही उरत नाही. मला उरणारी गोष्ट हवी आहे: सपाट मैदान, कोरडा आखाडा, परवडेल अशा भाड्यातलं नाट्यगृह, उघडं वाचनालय.

नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२६, पाच वर्षांहून अधिक काळ कोल्हापूर महापालिकेत प्रशासक होते. जाब विचारायला सभागृह नव्हतं. आता ८१ नगरसेवक निवडून आले आहेत. रस्ते, पाणी, कचरा यांवर ते बोलतील, बोललंच पाहिजे. माझं मागणं थोडकं आहे. नाट्यगृह, मैदानं आणि महापालिकेच्या जागेतल्या तालमींच्या रोजच्या देखभालीसाठी वेगळं लेखाशीर्ष हवं, आणि त्यातला पैसा महोत्सवाकडे वळवता येणार नाही असा ठराव हवा. प्रत्येक सार्वजनिक वास्तूचा अग्निसुरक्षा अहवाल दरवर्षी दारावर लावला जावा. पुनर्बांधणीचा किती पैसा आला, किती खर्च झाला, काय राहिलं, हे दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावं.

वाचकहो, अंदाजपत्रकाची सभा जवळ आली की तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना गाठा. हे तीन मुद्दे कागदावर द्या आणि उत्तर लेखी मागा.