आधी बाळ, मग बाप

आमच्या महाड-पोलादपूरकडे बाई गावी बाळंत व्हायची आणि बाप तेव्हा परगावी असायचा. हा रिवाज इतका जुना की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जमीन बरीचशी वरकस, भात जेमतेम घरापुरतं, म्हणून पुरुष मुंबईच्या गिरणीत. लालबाग-परळच्या एका गाळ्यात दहा-बारा गाववाले पाळीपाळीनं झोपणार, तिथे बायकोला नेणार कुठे? ती गावी, शेतावर आणि सासूच्या हाताखाली. चाकरमानी उगवायचा गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीला आलेल्यांची मुलं मे-जूनमध्ये जन्मायची. शाळेतल्या गुरुजींनी सरसकट सगळ्यांची जन्मतारीख १ जून लावून टाकली म्हणून लोक हसतात, पण भाद्रपदापासून बोटं मोजलीत तर गुरुजी फार चुकले नव्हते हे ध्यानात येईल. माझ्या बाबांचा वाढदिवस १ जून, दोन्ही काकांचाही १ जून. एका केकात भागतं.

म्हणून माझ्या नवऱ्याला कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) मिळालं, तेव्हा तो जाणार याचं घरात कुणालाच अप्रूप वाटलं नाही. पुरुष जायचेच. महाडच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात त्याची बरीच वर्षं गेली होती आणि आता त्यानं हेरलं होतं ओंटारिओतलं सार्निया. या गावाला तिकडे ‘केमिकल व्हॅली’ म्हणतात. म्हणजे बारा-तेरा हजार किलोमीटर उडून जायचं आणि खिडकी उघडल्यावर वास एमआयडीसीचाच यायचा. “पण पगार डॉलरमध्ये,” असं तो म्हणाला. वास कशात, ते बोलला नाही.

पंचाईत एवढीच होती की कागद आले शिमग्याच्या सुमारास आणि मला तेव्हा पाचवा महिना होता. तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. त्या दिवसापासून आमच्या घरात जो तो वकील झाला.

नणंदेच्या दिरांचं म्हणणं, मूल कॅनडातच व्हायला हवं. तिथे जमिनीवर जन्मलं की नागरिक. आईबाप कुठलेही असोत. त्यांनी सगळ्या जगाचा हिशेब वहीत मांडून आणला होता. ब्रिटननं १९८३ पासून ही सवलत बंद केली, ऑस्ट्रेलियानं १९८६ पासून, आता तिथे आई किंवा बाप कायमचा रहिवासी तरी लागतो. अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीपासून सवलत आहे, पण २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पसाहेबांनी बेकायदा राहणाऱ्यांच्या आणि तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या मुलांपुरती ती काढून घ्यायचा हुकूम काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं. “कॅनडाचंही उद्या काय होईल सांगता येत नाही,” ते म्हणाले. “तेव्हा घाई करा.” बाळंतपणाची घाई करता येते हे मला त्या दिवशी नवीन कळलं.

सार्नियाला बाळंतपण करायचं तर विमान लवकर गाठायला हवं. बहुतेक विमान कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांची चिठ्ठी मागतात आणि छत्तिसाव्यानंतर बसूच देत नाहीत. अठ्ठाविसावा आठवडा म्हणजे सातवा महिना, आणि सातव्यात डोहाळजेवण. सासूबाईंनी हिरवी साडी आधीच घेऊन ठेवली होती. “ओटी न भरता विमानात बसवू का पोरीला?” त्यांनी विचारलं. दिरांच्या वहीत याला उत्तर नव्हतं.

खरा प्रश्न वेगळाच होता. तिथे माझं करणार कोण? ओंटारिओत नव्यानं आलेल्यांना सरकारी विम्यासाठी पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, ती अट २०२० मध्ये गेली. तेव्हा पैशांचं फारसं भय नव्हतं. पण सगळं सुरळीत झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात हे ऐकून माझ्या आईनं कपाळाला हात लावला. “आणि कान कोण बांधणार? शेक कोण देणार? धुरी?” धुरीचं नवऱ्यानं समजावलं. तिथल्या घरांत छताला धुराची घंटा असते. खोलीत शेगडी पेटवून ओवा-बाळंतशोपा टाकल्या तर घंटा वाजणार आणि बंबवाले दारात. आईला याचं काही वाटलं नाही. बंबवाले आलेच तर त्यांनाही डिंकाचा लाडू देऊ, असं तिचं म्हणणं.

म्हणून आईला न्यायचं ठरलं. आईबापांसाठी कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ असतो, एकदा गेलं की पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण बोलावणाऱ्याचं तिथलं उत्पन्न दाखवावं लागतं आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. आमचं तिथलं उत्पन्न म्हणजे अजून न मिळालेली नोकरी. मग साधा पाहुण्यांचा व्हिसा. पोलादपुरात नाक्याजवळ एक पोरगा ऑनलाइन फॉर्म भरून देतो. सातबारा, पीक विमा, पॅन, सगळं. त्यानं आईला विचारलं, “काकू, प्रवासाचं कारण?” आई म्हणाली, “शेक द्यायला.” त्यानं यादी वरखाली केली. पर्यटन होतं, कामधंदा होता, कुटुंबाची भेट होती. शेक कुठेच नव्हता. त्यानं मुकाट्यानं ‘कुटुंबाची भेट’ टिचकवलं. मग बोटांचे ठसे द्यावे लागतील हे निघालं आणि आईचं तोंड उतरलं. जन्मभर राखेनं भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्यात की रेशन दुकानातलं यंत्रसुद्धा तिला चार-चार वेळा अंगठा पुसायला लावतं. जे यंत्र तिला पाच किलो तांदूळ देताना कां-कूं करतं, त्याचा कॅनडातला भाऊ तिला देशात घेईल यावर तिचा विश्वास बसेना.

इकडे सासऱ्यांना वेगळीच काळजी. नातू कॅनडाचा झाला तर आमच्या सातबाऱ्याचं काय? भारताला दुहेरी नागरिकत्व मंजूर नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आपल्या मुलांना ओसीआय कार्ड मिळतं, आणि त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली मात्र चालते. हे समजल्यावर ते शांत झाले. आमची जमीन सगळी मिळून काही गुंठे वरकस, तीत सतरा हिस्सेदार, आणि ती विकत घ्यायला आजवर हिंदुस्थानातलाही कुणी फिरकलेला नाही. पण हक्क तो हक्क.

देशांचा हा वाद जेव्हा थोडा थंडावला, तेव्हा खरं भांडण सुरू झालं. ते महाड आणि पोलादपूर यांच्यातलं.

माझं सासर महाडचं, माहेर पोलादपूरचं. मधे जेमतेम वीस किलोमीटर. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आईचा मुद्दा आणि त्याला अपील नाही. पण पोलादपूरचीच माणसं अडल्या-नडल्याला महाडला येतात, हा सासूबाईंचा मुद्दा. “हातचा दवाखाना सोडून तिकडे कशाला?” त्या बोलल्या. आई बोलली, “ऑगस्टात महाडला? बाजारपेठेत पाणी भरतं तिथे?” हा टोला वर्मी लागला. सावित्री आणि गांधारी फुगल्या की महाड काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. जुलै २०२१ मध्ये बाजारपेठेत माणसं पहिल्या मजल्यावर अडकून बसली होती. त्यावर सासूबाईंनी दरडींचा विषय काढला आणि मग मात्र दोघी गप्प झाल्या. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये डोंगराखाली गेलं, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातलं केवनाळे आणि साखर सुतारवाडी. आमच्याकडे त्या तारखेवर कुणी भांडत नाही.

“मग पनवेल-मुंबई?” सासऱ्यांनी सुचवलं. सगळे हसले. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. तेव्हा पहिलीत गेलेलं पोर कॉलेजात पोचलं, रस्ता अजून पोचायचाय. त्या रस्त्यानं गणपतीच्या आधी निघालं तर बाळ हमखास माणगावच्या वाहतूक कोंडीत जन्मायचं, आणि मग नव्यानं वाद, हे माहेर की सासर? उलट्या बाजूनं आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर-साताऱ्याकडे जावं तर पावसाळ्यात घाटच बंद होण्याची भीती. एकूण, माझ्या बाळाला कॅनडात जन्माला यायला एक समुद्र आडवा होता आणि रायगड जिल्ह्यात जन्माला यायला सहा-सात गोष्टी.

या सगळ्यात डोकं ठिकाणावर एकट्या खालांचं. त्या सासरच्या शेजारी, मूळ दासगावच्या. घरातले पुरुष किती वर्षांपासून आखातात आहेत याची मोजदाद त्यांनी सोडून दिली आहे. त्यांनी चहा पिता पिता निकाल दिला. “आमचे दोन नातू कुवेतमध्ये जन्मले. तिथे जन्मून काय नागरिक होतो का कोण? चाळीस वर्षं राहा, पासपोर्ट हिंदुस्थानचाच. सुट्टीला येतात तेव्हा दासगावच्याच पोरांशी क्रिकेट खेळतात. तू आपली तब्येत सांभाळ गो.” आणि जाताना पिशवीभर खारीक ठेवून गेल्या.

शेवटी निकाल लावला तो आईनं नाही, सासूबाईंनी नाही, तर कॅनडाच्या कागदांनी. नवऱ्यानं एका रात्री सगळ्या सूचना पहिल्यापासून वाचून काढल्या (हे काम त्यानं शिमग्यालाच करायला हवं होतं, पण पुरुषमाणूस सूचना शेवटी वाचतो). त्यात असं निघालं: पीआरवर कॅनडात उतरण्याआधी कुटुंबात मूल जन्मलं, तर ते कळवावंच लागतं; मग मुलाचं नाव त्याच अर्जात घालता येतं. त्याचा पासपोर्ट, त्याची वैद्यकीय तपासणी, फी, वेळ लागतो पण होतं. न कळवता उतरलात तर पुढे त्या मुलाला बोलावून घेण्याचा रस्ताच बंद होऊ शकतो. आणि बाप आधी उतरून मोकळा झाला व मूल मागाहून इथे जन्मलं, तर त्या तान्ह्या जिवासाठी बापानं तिकडून वेगळा अर्ज करायचा, स्पॉन्सर व्हायचं आणि वाट बघत बसायचं. थोडक्यात, मूल इथेच व्हायचं असेल तर बापानं आधी जाऊ नये. आधी बाळ, मग बाप.

नवऱ्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा माझी आजी ओटीवर बसून कुळीथ निवडत होती. तिला निम्मं ऐकू येतं; पण हवं ते निम्मं बरोब्बर येतं. “म्हंजे ह्यो बाळंतपणाला हितंच?” तिनं विचारलं. हो म्हटल्यावर सूप खाली ठेवलं. “तुझ्या आज्याला गिरणीनं एकदा सोडला नाय. तुझ्या बापाच्या वक्ताला तार केली, तवा बारसं झाल्यावर आला. आनि बघून म्हनतो कसा, पोरगा काळा झालाय.”

तर अशा रीतीनं, गिरणीच्या मालकांनी, मुकादमांनी आणि पुढे एमआयडीसीतल्या शिफ्टांनी तीन पिढ्या जे होऊ दिलं नाही, ते ओटावाच्या एका सरकारी खात्यानं घडवून आणलं. आमच्या घरात पहिल्यांदाच बाप बाळंतपणाला तालुक्यात हजर राहिला. नोकरीचा राजीनामा आधीच दिला होता, त्यामुळे रिकामाही होता. दोन्ही घरांच्या तहानुसार दवाखाना महाडचा, सव्वा महिना पोलादपूरचा. तारखेच्या आधीच्या आठवड्यात मला महाडातल्या उंचावरच्या एका आतेसासूकडे नेऊन ठेवलं आणि नवरा रोज सकाळी पुलावर जाऊन सावित्रीचं पाणी बघून यायचा. त्याला त्यातलं काय कळत होतं कोण जाणे, पण चेहरा पाटबंधारे खात्याचा करून यायचा.

बाळ झालं. मुलगी. पाणी त्या दिवशी पात्रातच होतं.

पोलादपूरच्या सव्वा महिन्यात मात्र नवऱ्याचा खरा उजेड पडला. शेगडीत कोळसे फुलवायला जायचा तर खोलीभर धूर, आणि आई मागून, “जावईबापू, बाळाला धुरी द्यायचीय, जंगल पेटवायचं नाही.” अळिवाची खीर माझ्यासाठी म्हणून व्हायची आणि वाटी त्याच्या हातात दिसायची. बाळगुटी उगाळायचं त्यानं अंगावर घेतलं; वेखंड किती आणि जायफळ किती हे विचारल्यावर आईनं “दोन वेढे, एक वेढा” सांगितलं तर त्यानं मिलिग्रॅममध्ये किती ते विचारलं. रसायनवाला माणूस. आजी एवढं हसली की तिला ठसका लागला. पण रात्री दोन वाजता मुलगी रडायला लागली की उठून तिला खांद्यावर घेऊन ओटीवर फेऱ्या मारायचा तोच. हे काम आमच्या घरात आजवर कुठल्या पुरुषाला येतं की नाही हेच ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळी बघायला पुरुष असायचाच नाही.

आता फाईल तिघांची झाली आहे. पासपोर्टच्या फोटोत मुलीचे डोळे उघडे हवेत म्हणून सगळं घर खुळखुळे घेऊन उभं होतं. फोटोत तिचे डोळे उघडे आहेत आणि कडेला सासऱ्यांचा अंगठा आला म्हणून तो परत काढावा लागला. नणंदेचे दीर अजूनही हळहळतात की जन्मतःचा पासपोर्ट हातचा गेला. मी त्यांना सांगते, सावकाश मिळेल, तिला काही घाई नाही.

ज्यांच्या घरी असा योग असेल त्यांना एवढंच सांगणं: जन्माची नोंद एकवीस दिवसांत करा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी तोच दाखला लागतो. आईबापाच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडूनच सही करा. आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सूचना शेवटच्या पानापर्यंत वाचा. नवऱ्यावर सोपवू नका, स्वतः वाचा.